उष्णप्रेमी जिवाणूंचा चॅपरोन डोमेन कसा तपासायचा? नाशिकमध्ये प्रकल्प करणाऱ्यांसाठी पहिल्या दिवसापासूनची वाट

माझ्या एमएस्सीच्या प्रकल्पाचा विषय जुलैत ठरला आणि पहिला विश्वासार्ह आलेख हाती आला तो फेब्रुवारीत. मधले चार महिने एकाच चुकीत गेले. माझं प्रथिन गुठळ्या थांबवतंय असं मला वाटत होतं, पण गुठळ्या थांबवत होतं ते बफरमधलं (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातलं) ग्लिसरॉल. ही चूक कुणी आधी सांगितली असती तर वाचली असती, म्हणून हा लेख. गंगापूर रोडवर असा, पंचवटीत असा की नाशिकरोडला, तुमच्या कॉलेजात एक साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर, एक वॉटर बाथ आणि एक बरा सेंट्रिफ्यूज असेल तर हे काम होतं. उरलेल्या एक-दोन गोष्टींसाठी पुणे गाठावं लागतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधी शब्द समजून घ्या

आपल्याकडे नवी नवरी सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण जायची. नवरी रुळेपर्यंत सोबत राहायची आणि मग माघारी यायची. तिथल्या संसारात तिचा वाटा नसे. चॅपरोन प्रथिनाचं काम नेमकं हेच. अमिनो आम्लांची साखळी घडी बसून कामाची होईपर्यंत ते तिला सांभाळतं, तयार रचनेत मात्र स्वतः उरत नाही. १९७८ साली रॉन लास्की आणि सहकाऱ्यांनी न्यूक्लिओप्लाझ्मिन या प्रथिनासाठी हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला.

साखळीची घडी कशी बसावी हे साखळीतच लिहिलेलं असतं, हे ख्रिश्चन अॅनफिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएजवर दाखवलं. त्यासाठी त्यांना १९७२ चं नोबेल मिळालं. पण परीक्षानळीतलं विरळ द्रावण वेगळं आणि पेशीतली दाटी वेगळी. अर्धवट घडीच्या साखळीचे पाणी टाळणारे भाग उघडे पडतात, ते एकमेकांना चिकटतात आणि गुठळी होते. दूध नासतं किंवा अंडं उकडतं तेव्हा असंच काहीसं घडतं. उष्ण झऱ्यातल्या जिवाणूला तर हा धोका चोवीस तास असतो, त्यामुळे त्यांच्या पाठराखणी फार दणकट असतात.

डोमेन म्हणजे प्रथिनाचा असा तुकडा, ज्याची स्वतःची घडी असते आणि बहुधा स्वतःचं कामही. तुम्ही तपासणार आहात ते एवढंच: पाठराखणीचं काम अख्खं प्रथिन करतं, की हा तुकडा?

१. प्रथिन निवडा, कुंडातलं पाणी नको

“वज्रेश्वरीला जाऊन गरम कुंडातलं पाणी आणू का?” हा प्रश्न मला दर वर्षी येतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीचं किंवा खानदेशातल्या उनपदेवचं पाणी जिवाणू वेगळे करण्याच्या प्रकल्पासाठी जरूर आणा. या प्रकल्पासाठी नको. तुम्हाला ज्याचा क्रम आणि रचना आधीच माहीत आहे असं प्रथिन हवं. नाहीतर एका वर्षात दोन प्रकल्प अंगावर येतील आणि एकही पुरा होणार नाही.

नवख्या माणसाला मी तीन पर्याय सुचवते.

पहिला, थर्मस थर्मोफिलसचं स्लायडी हे प्रथिन. हा जिवाणू जपानमधल्या इझू भागातल्या झऱ्यातून मिळाला. स्लायडीत दोन डोमेन असतात. एक एफकेबीपी डोमेन, तो प्रोलीन या अमिनो आम्लाजवळचा बंध फिरवून घडीला वेग देतो. दुसरा त्याच्याच एका लूपमध्ये (साखळीच्या वळणात) खोचलेला, त्याला ‘आयएफ’ डोमेन म्हणतात. उलगडलेल्या साखळीला धरून ठेवतो तो हाच. ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूच्या स्लायडीमधला आयएफ डोमेन माणसाच्या एफकेबीपी१२ या प्रथिनात बसवला तेव्हा त्याची घडी घालण्याची क्षमता सुमारे २०० पटींनी वाढली, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. तुकडा काढला, दुसरीकडे लावला आणि काम त्याच्याबरोबर गेलं. डोमेनबद्दलचा याहून स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे दिसला नाही. माझा प्रकल्प याच घराण्यातला होता, त्यामुळे थोडा पक्षपात आहे हे आधीच सांगते.

दुसरा, मिथेनोकाल्डोकॉकस जॅनाशीचं एचएसपी १६.५. समुद्रतळाच्या उष्ण विवरातला हा सूक्ष्मजीव ८५ अंशांच्या आसपास सर्वांत जोमानं वाढतो. जनुकसंच वाचला गेलेला हा पहिला आर्किया (जिवाणूंसारख्याच, पण वेगळ्या गटातला सूक्ष्मजीव), साल १९९६. या प्रथिनाच्या २४ प्रती मिळून पोकळ चेंडू बनतो आणि त्याची रचना १९९८ पासून उपलब्ध आहे. त्यातला अल्फा-क्रिस्टलिन डोमेन आपल्या डोळ्याच्या भिंगातल्या प्रथिनाचा नातेवाईक आहे. तयार करायला सोपं, पण डोमेन सुटा केला की चेंडू मोडतो. मग निष्कर्ष काढताना जपून बोलावं लागतं.

तिसरा, थर्मोकॉकस किंवा मिथेनोथर्मोकॉकस यांची छोटी एफकेबीपी प्रथिनं. त्यांतही आयएफ डोमेन आहे.

अमिनो आम्लांचा क्रम युनिप्रोटवरून घ्या, डोमेनच्या सीमा इंटरप्रोवर बघा, रचना प्रोटीन डेटा बँकेतून उतरवा (हे तिन्ही ऑनलाइन संग्रह आहेत). सीमा ठरवताना रचना डोळ्यांनी बघाच. क्रमावर नुसती रेघ मारून तुकडा कापला तर एखादा बीटा धागा अर्ध्यात तुटतो आणि ते प्रथिन कधीच विरघळत नाही.

२. कागदपत्रं आणि साहित्य

हे ऑगस्टच्या आत उरका. दिवाळीनंतर कुरिअर, सुट्ट्या आणि अंतर्गत परीक्षा सगळं एकदम येतं.

- संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला कळवल्याचं पत्र. प्रथिनाचं जनुक ई. कोलायमध्ये घालून त्याच्याकडून प्रथिन बनवून घेणार, म्हणजे हे लागतंच.
- प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ) दुसऱ्या प्रयोगशाळेकडून घेणार असाल तर साहित्य-हस्तांतर करार. सही संस्थाप्रमुखांची लागते, गाइडची चालत नाही.
- बाहेरचं उपकरण वापरायला गाइड आणि विभागप्रमुख दोघांच्या सहीचं विनंतीपत्र.
- ई. कोलाय बीएल२१ (डीई३), योग्य अँटिबायोटिक, आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन), निकेल कॉलमचं रेझिन, डायलिसिसची नळी.
- गायीच्या स्वादुपिंडाचं इन्सुलिन, डीटीटी (गंधकाचे बंध तोडणारं रसायन), सोडियम केसिनेट, बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन).
- डुकराच्या हृदयातलं सायट्रेट सिंथेज हे एन्झाइम. महाग आहे, सगळ्यात शेवटी मागवा.
- फॉस्फेट आणि हेपीस बफर.

औषधाच्या दुकानातलं इन्सुलिन स्वस्त मिळतं म्हणून मोह होतो. ४० युनिटच्या बाटलीत दर मिलिलीटरला जेमतेम १.४ मिलिग्रॅम इन्सुलिन असतं. शिवाय त्यात परिरक्षक म्हणून क्रेसॉल आणि बहुतेकदा ग्लिसरॉलही असतं. पिपेटचा हात बसवायला वापरा, प्रबंधातल्या रीडिंगसाठी नको.

३. जनुक मागवा: एक नव्हे, तीन

थर्मस थर्मोफिलसच्या डीएनएत जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे पीसीआर (जनुकाच्या प्रती काढण्याची पद्धत) त्रास देतो. जॅनाशीत उलटं: ए-टी भरपूर, आणि ई. कोलायला दुर्मीळ असलेले आर्जिनीनचे कोडॉन (अमिनो आम्ल सांगणारे डीएनएचे तीन अक्षरी शब्द). दोन्हींवर उपाय एकच, ई. कोलायला सोयीचे कोडॉन वापरून कृत्रिम जनुक बनवून घेणं. छोटं जनुक असल्यानं खर्च आवाक्यात राहतो.

तीन रचना मागवा: पूर्ण प्रथिन, डोमेन वगळलेलं प्रथिन आणि सुटा डोमेन. पैसे कमी असतील तर सुटा डोमेन सोडा, पण डोमेन वगळलेलं प्रथिन सोडू नका. कारण बहिःस्थ परीक्षक हमखास विचारतात, “हे त्या डोमेननंच केलं कशावरून?” त्याचं उत्तर फक्त या रचनेतून मिळतं. स्लायडीत आयएफ काढल्यावर उरलेली दोन टोकं एफकेबीपी१२ च्या छोट्या लूपनं जोडतात, हा मार्ग चोखाळलेला आहे.

४. कल्चर आणि उष्णतेची पायरी

कल्चर नेहमीसारखं: ३७ अंश, घनता (६०० नॅनोमीटरचं रीडिंग) ०.६ च्या आसपास आली की आयपीटीजी, मग तीन-चार तास. पेशी फोडा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं द्रव घ्या. उष्णप्रेमी प्रथिनाची खरी गंमत यापुढे आहे. हे द्रव तापवलं की ई. कोलायची बहुतेक प्रथिनं नासून खाली बसतात आणि तुमचं प्रथिन वर राहतं.

सगळं द्रव एकदम तापवू नका. आधी ५० मायक्रोलिटरच्या चार नळ्या ५०, ६०, ७० आणि ८० अंशांवर २० मिनिटं ठेवा, फिरवा आणि वरच्या द्रवाचा जेल चालवा (त्यात प्रथिनं आकारानुसार वेगवेगळ्या पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, दिसतात). ज्या तापमानाला तुमचा बँड जाड आणि बाकीचे फिके, ते तुमचं तापमान. थर्मसच्या प्रथिनांना बहुधा ६५ ते ७०, जॅनाशीच्या प्रथिनांना ८० चालतं.

इथे चार गोष्टी सांभाळा.

मोठ्या नळीतलं द्रव सावकाश तापतं. २० मिलिलीटर द्रव ७० अंशांच्या बाथमध्ये ठेवलं म्हणजे ते लगेच ७० ला पोचलं असं नाही. थर्मामीटर द्रवात बुडवून वेळ मोजायला सुरुवात करा.

द्रव दाट असेल तर पनीरसारखा गोळा होतो आणि पनीरमध्ये पाणी अडकावं तसं तुमचं प्रथिन त्यात अडकतं. आधी दुप्पट-तिप्पट पातळ करा.

ट्रिस बफर तापलं की आम्लाकडे झुकतं, दर अंशाला सुमारे ०.०२८ पीएच. २५ अंशांना ८.० असलेलं ट्रिस ७० अंशांना ६.७ च्या जवळ येतं. इथून पुढे फॉस्फेट किंवा हेपीस वापरा.

चौथी गोष्ट मला फार उशिरा उमगली. तुमचं प्रथिन खरंच चॅपरोन असेल, तर तापवताना ते ई. कोलायच्या काही प्रथिनांनाही धरून ठेवतं आणि ती सोबत येतात. जेलवर अनोळखी बँड राहिले तर पुन्हा पुन्हा तापवत बसू नका, पुढच्या पायरीवर जा.

५. शुद्धीकरण आणि मोजमाप

निकेल कॉलम हिस्टिडीनची शेपटी जोडलेलं तुमचं प्रथिन पकडतो, पण त्यावर ई. कोलायचं स्वतःचं स्लायडीही चिकटतं, कारण त्याच्या शेपटीत हिस्टिडीनची गर्दी असते. म्हणजे तुम्ही चॅपरोन शोधताय आणि न बोलावता आलेला पाहुणाही चॅपरोनच! जेलवर २५ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपासचा बँड दिसला तर त्याचाच संशय घ्या. ६० आणि ७० ला दिसले तर ग्रोईएल आणि डीएनएके, तेही ई. कोलायचे चॅपरोनच. उष्णतेची पायरी कॉलमच्या आधी केली तर हा कचरा बराच कमी होतो, म्हणून क्रम तोच ठेवा. शक्य असेल तर शेवटी आकारानुसार वेगळं करणारा कॉलम लावा.

मग डायलिसिस, म्हणजे प्रथिन नळीत ठेवून भोवतीचं बफर बदलत जाणं. माझे चार महिने इथेच गेले. प्रथिन टिकावं म्हणून मी त्यात १० टक्के ग्लिसरॉल ठेवलं होतं, आणि ग्लिसरॉल स्वतःच इतर प्रथिनांच्या घड्या सांभाळतं. जितकं जास्त “प्रथिन” घालावं तितकं जास्त ग्लिसरॉल आत जायचं, त्यामुळे आलेख अगदी सुरेख उतरता यायचा. मी तो आलेख दोन बैठकांमध्ये दाखवला, सगळ्यांनी कौतुक केलं. नंतर एका सीनियर ताईनं शांतपणे विचारलं, “नुसतं बफर घालून बघितलंस का गं?” बघितलं. आलेख तसाच आला. आर्जिनीन, साखर आणि डिटर्जंट हेही असाच चकवा देतात. इमिडॅझोल आणि गळून आलेलं निकेल वेगळा त्रास देतात: डीटीटी आणि निकेल भेटले की द्रावण तपकिरी होतं. तेव्हा किमान तीनदा बफर बदला आणि शेवटच्या डायलिसिसचं बफर बाटलीत जपून ठेवा. तेच तुमचं पहिलं कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना).

प्रमाण मोजताना डोमेनचा क्रम बघा. त्यात ट्रिप्टोफॅन नसेल आणि टायरोसीन एखादंच असेल (प्रकाश शोषतात ती मुख्यतः हीच दोन अमिनो आम्लं), तर २८० नॅनोमीटरचं रीडिंग जवळजवळ शून्य येतं आणि प्रथिन हाती लागलंच नाही असं वाटतं. अशा वेळी बीसीए ही रंगावरून मोजणारी पद्धत वापरा.

घडी शाबूत आहे ना हे सर्क्युलर डायक्रोइझमवर (ध्रुवित प्रकाशानं घडी ओळखणाऱ्या उपकरणावर) एकदा बघून घ्या. हे उपकरण मला नाशिकमध्ये मिळालं नाही, पुण्याला गेले. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून पहाटेच्या एसटीनं निघालात तर दुपारी रीडिंग आणि रात्री घरी. उष्णप्रेमी प्रथिनाचा हा आणखी एक फायदा, प्रवासात ते बिघडत नाही. या उपकरणाला क्लोराइड चालत नाही. मिठाऐवजी विरळ फॉस्फेट बफरमध्ये नमुना न्या, नाहीतर फेरी फुकट जाते.

६. पहिली चाचणी इन्सुलिनची

इन्सुलिनमध्ये दोन साखळ्या असतात, २१ अमिनो आम्लांची ए आणि ३० ची बी. डीटीटी त्यांना जोडणारे गंधकाचे बंध तोडतं, बी साखळी सुटते आणि गुठळ्या होऊन द्रावण गढूळ होतं. तुमचं प्रथिन त्या साखळीला धरून ठेवत असेल तर गढूळपणा कमी होतो. तापमान वाढवावं लागत नाही, म्हणून सुरुवात याच चाचणीनं करा.

इन्सुलिन थेट ७ पीएचला नीट विरघळत नाही. आधी विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा आणि मग फॉस्फेट बफरमध्ये घाला. अखेरचं प्रमाण दर मिलिलीटरला ०.३५ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ६० मायक्रोमोलर. त्यात तुमचं प्रथिन, मग डीटीटी २० मिलिमोलर होईल इतकं. ३६० नॅनोमीटरला दर ३० सेकंदांनी रीडिंग घ्या, वळण सपाट होईपर्यंत. डीटीटी रोज ताजं करा.

२५ अंशांना ही क्रिया सावकाश होते, ४० ला भराभर. “रूम टेम्परेचर” असं वहीत लिहू नका. निफाडचा पारा उतरतो त्या जानेवारीत सकाळची आपली प्रयोगशाळा आणि मे महिन्यातली दुपार यांत इतका फरक असतो की एकाच प्रयोगाचे दोन आलेख जुळत नाहीत. क्युव्हेटचा (रीडिंगसाठीच्या पारदर्शक डबीचा) होल्डर बाथला जोडा आणि अंश आकड्यात लिहा.

चाचणी चालते आहे का हे बघायला सोडियम केसिनेट वापरा. दुधातल्या केसिनमध्ये चॅपरोनसारखा गुण आहे आणि ते स्वस्त आहे. केसिनेट घातल्यावर गढूळपणा कमी झाला नाही तर दोष तुमच्या डोमेनचा नाही, चाचणीचा आहे.

७. दुसरी चाचणी उष्णतेची

सायट्रेट सिंथेज ४३ अंशांना उलगडतं आणि गुठळ्या करतं. बाटलीत ते अमोनियम सल्फेटमध्ये असतं, तेव्हा आधी डायलिसिस करा. ४० मिलिमोलर हेपीस, पीएच ७.५, क्युव्हेटमध्ये १० मिनिटं तापवून घ्या. मग तुमचं प्रथिन घाला आणि सर्वांत शेवटी थंड एन्झाइम, सुमारे १ मायक्रोमोलर.

बाथवर ४३ लावलं तरी क्युव्हेटच्या आत अनेकदा ४१ किंवा ४२ च असतं आणि तेवढ्यानं गुठळ्या होण्याचा वेग फार बदलतो. आत तापमापक बुडवून एकदा खात्री करा. थंड बफर तापताना बुडबुडे येतात, तेही गढूळपणासारखे मोजले जातात, म्हणून बफरमधली हवा आधी काढा. चाळीस मिनिटांच्या रीडिंगमध्ये वीज गेली तर एन्झाइम वाया जातं, म्हणून यूपीएसची सोय आधी बघून ठेवा.

वळण वर जाऊन मग आपोआप खाली येऊ लागलं तर आनंदू नका. मोठ्या गुठळ्या तळाशी बसल्या की प्रकाशाच्या वाटेतून दूर होतात आणि गढूळपणा कमी झाल्यासारखा दिसतो. क्युव्हेट काढून डोळ्यांनी बघा.

आणखी एक. ४३ अंश हे आपल्यासाठी ताप, पण ८५ अंशांच्या जिवाला ती थंडी आहे. अशा तापमानाला उष्णप्रेमी प्रथिन ताठर असतं आणि त्याचा धरून ठेवणारा पृष्ठभाग पुरता उघडत नाही. एचएसपी १६.५ आधी तापवलं की त्याची क्षमता वाढते, हे दिसून आलेलं आहे. म्हणून ३७ अंशांना काही दिसलं नाही तर प्रकल्प गुंडाळू नका. प्रथिन आधी तापवून बघा, आणि इन्सुलिनची चाचणी दोन-तीन तापमानांना करा.

८. कंट्रोल

- डायलिसिसचं बफर, तेवढ्याच आकारमानाचं.
- फक्त तुमचं प्रथिन आणि डीटीटी, इन्सुलिनशिवाय. तुमचंच प्रथिन गढूळ होत नाही ना?
- डोमेन वगळलेलं प्रथिन, त्याच मोलर प्रमाणात.
- बीएसए, पण फक्त सायट्रेट सिंथेजच्या चाचणीत. बीएसएमध्ये स्वतःचे गंधकबंध असल्यानं डीटीटीसमोर ते निमूट बसत नाही.
- केसिनेट.

‘उकळलेलं प्रथिन’ हे कंट्रोल अनेक जुन्या प्रबंधांत दिसतं, तुमचे सरही सुचवतील. उष्णप्रेमी प्रथिनाला ते लागू पडत नाही. दहा मिनिटं उकळूनही ते शाबूत असू शकतं किंवा थंड होताना पुन्हा घडी घालू शकतं. मग कंट्रोलही काम करतं आणि तुम्ही गोंधळता. सरांना हे कारण आधीच समजावून सांगा, ते मानतात.

९. आकडे काढणं आणि लिहिणं

संरक्षणाची टक्केवारी वळण सपाट झाल्यावरच्या रीडिंगवरून काढा: प्रथिनासह आलेलं रीडिंग भागिले प्रथिनाशिवायचं, ते एकातून वजा, गुणिले शंभर. प्रमाण वजनात आणि मोलमध्ये दोन्ही लिहा. इन्सुलिन ५.७ किलोडाल्टनचं आणि तुमचं प्रथिन १७ चं असेल, तर सारख्या वजनाला एका प्रथिनामागे तीन इन्सुलिन येतात. नुसतं “१:१” लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

एकाच बॅचची तीन रीडिंगं म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. कल्चरपासून पुन्हा सुरुवात करून किमान दोन, शक्यतो तीन बॅच करा.

आणि शब्द जपून वापरा. गढूळपणा थांबवणं म्हणजे साखळीला धरून ठेवणं. तिची घडी परत बसवणं हे वेगळं काम आणि त्याला वेगळी चाचणी: सायट्रेट सिंथेज ६ मोलर ग्वानिडीनमध्ये उलगडायचं, शंभरपट पातळ करायचं आणि परत आलेली क्रियाशीलता ४१२ नॅनोमीटरला मोजायची. ती केली नसेल तर शीर्षकात “चॅपरोनसदृश क्रिया” लिहा. ती करायची ठरवलीत तर ऑक्झॅलोअॅसिटेट (क्रियाशीलता मोजायला लागणारं रसायन) दर वेळी ताजं, बर्फावर आणि शेवटी बनवा. सकाळी बनवलेलं दुपारपर्यंत टिकत नाही.